यूजेन स्क्रीब: चारशेच्या वर नाटकं आणि ऑपेरा-संहिता. कामाची पद्धत नेमकी काय होती?

पूर्वरंग

नमस्कार मंडळी. नाट्यवाचन गटासाठी १९व्या शतकातल्या फ्रेंच रंगभूमीवर एक सत्र तयार करायचं आहे आणि ते संपूर्ण यूजेन स्क्रीबवर (१७९१–१८६१) ठेवायचा विचार आहे. व्हर्दी, दोनिझेत्ती, रोसिनी, मेयरबेअर यांच्याबद्दल वाचताना हा माणूस सतत भेटतो, इब्सेनवरच्या लेखांतही भेटतो, पण बहुतेक ठिकाणी दोन ओळींत त्याला निकालात काढलेलं असतं. मला खालील गोष्टींबद्दल नेमकी माहिती हवी आहे.

त्याच्या नाटकांचा आकडा कुठे तीनशे, कुठे चारशे, कुठे त्याहून जास्त दिसतो. कुठला धरायचा? इतके सहलेखक असताना त्याचं स्वतःचं काम कुठलं मानायचं? 'वेल-मेड प्ले'ची (घट्ट बांधलेल्या, नेटक्या कथानकाच्या नाटकाची) व्याख्या नको, एखादं नाटक उलगडून दाखवता येईल का? ऑपेराची संहिता लिहिताना तो वेगळं काय करत असे? आणि गटातल्या बहुतेकांना फ्रेंच येत नाही, तर काय वाचावं आणि ऐकावं?

तिसरी_घंटा

आधी आकड्याचं बघू, कारण त्यातच त्याच्या कारकिर्दीची अर्धी गोष्ट आहे.

'चारशेच्या वर' असं म्हणा आणि त्यापुढे नेमका आकडा देऊ नका. मोजणाऱ्यांत फरक पडतो तो मोजायचं काय यावर. एकांकी वोदव्हिल (गाणी घातलेलं हलकंफुलकं नाटक) पूर्ण नाटक धरायचं का, बॅलेचा आराखडा धरायचा का, दुसऱ्याच्या नावावर असलेल्या नाटकात त्याने हात फिरवला असेल तर ते धरायचं का? सगळ्यात भरवशाचा आधार म्हणजे मरणोत्तर निघालेली डेंत्यू प्रकाशनाची समग्र आवृत्ती, १८७४ ते १८८५, एकूण ७६ खंड. तिची विभागणी बघा: विनोदी आणि गंभीर नाटकं ९ खंड, वोदव्हिल ३३, ऑपेरा आणि बॅले ६, ऑपेरा-कॉमिक २०, कथा-कादंबऱ्या वगैरे ८. म्हणजे ज्या 'मोठ्या' नाटकांवरून त्याला तोललं जातं ती एक अष्टमांशही नाहीत. ७६पैकी ५३ खंड वोदव्हिल आणि ऑपेरा-कॉमिकचे, म्हणजे गाणी आणि गद्य संवाद मिसळलेले. सत्राची सुरुवात या विभागणीने केलीत तर पुढचं बरंच सोपं होईल.

दुसरी गोष्ट नाट्यगृहांच्या परवान्यांची. नेपोलियनच्या १८०६–०७च्या हुकुमांपासून १८६४पर्यंत पॅरिसमधल्या प्रत्येक नाट्यगृहाला प्रकार ठरवून दिलेला असे. 'ऑपेरा' नावाच्या नाट्यगृहात सगळं गायलं पाहिजे, गद्य चालणार नाही. ऑपेरा-कॉमिकमध्ये गाणी आणि मध्ये गद्य संवाद. कॉमेदी-फ्रान्सेझमध्ये गाण्याशिवाय नाटक. वोदव्हिलवाल्यांनी लोकांना आधीच माहीत असलेल्या चालींवर नवे शब्द बसवायचे. म्हणून स्क्रीबची कुठलीही कृती हातात घेतली की पहिल्या पानावर नाट्यगृहाचं नाव वाचायचं. अंक किती, गाणी आहेत का, वाद्यवृंद किती, प्रेक्षक कोण, हे सगळं त्यावरून कळतं.

वोदव्हिलची छापील प्रत आपल्याला परकी वाटणार नाही. किर्लोस्करी संगीत नाटकाच्या पुस्तकात पदाच्या डोक्यावर 'चाल' दिलेली असते, तशीच तिथे कडव्याच्या वर ओळखीच्या गाण्याची चाल नोंदलेली असते. नवं संगीत लागत नाही, त्यामुळे नाटक लवकर उभं राहतं आणि खर्च कमी येतो.

आता जन्मापासून थोडक्यात. २४ डिसेंबर १७९१, पॅरिस, रू सँ-दनी. वडिलांचं रेशमी कापडाचं दुकान. त्याने कायद्याचं शिक्षण घेतलं पण मन नाटकात. पहिले प्रयत्न पडले. १८१५ साली देलेस्त्र-प्वारसोंबरोबर लिहिलेलं राष्ट्रीय पहारेकऱ्यांवरचं एकांकी वोदव्हिल चाललं. निर्णायक वर्ष मात्र १८२०. त्या डिसेंबरमध्ये जिम्नाज नाट्यगृह उघडलं, संचालक हाच देलेस्त्र-प्वारसों, आणि त्याने स्क्रीबला कराराने बांधून घेतलं. प्रतिस्पर्धी वोदव्हिल नाट्यगृहांसाठी लिहायचं नाही, बाकी ऑपेरा किंवा कॉमेदी-फ्रान्सेझ मोकळं. जिम्नाजचा परवाना सुरुवातीला एक अंकापुरताच होता. दहा वर्षांत त्याने तिथे सुमारे दीडशे नाटकं दिली. कमी वेळात पात्रांची ओळख, गुंता आणि सुटका बसवण्याची त्याची सफाई या एक अंकाच्या सक्तीतून आली, असं माझं ठाम मत आहे. नुसत्या प्रतिभेने तिचा उलगडा होत नाही.

सहलेखक: जेर्मँ देलाव्हिन्य, मेलेस्व्हिल, बायार, द्युपँ, सँतीन, व्हार्नेर, पुढे लगूव्हे. कामाची वाटणी प्रत्येक वेळी वेगळी असे. कोणी कल्पना आणायचा, कोणी पहिला खर्डा, कोणी पदं. कथानकाचा आराखडा आणि प्रवेशांचा क्रम मात्र जवळपास नेहमी स्क्रीबच्या हातात. त्याने कोणाचं नाव दडवलं नाही, मोबदल्यातला वाटाही दिला. आपली संकलित नाटकं त्याने सहलेखकांनाच अर्पण केली आहेत. 'दुसऱ्यांकडून लिहून घेणारा कारखानदार' हा आरोप म्हणूनच मला अन्यायाचा वाटतो.

पैशाचं सत्रात आवर्जून सांगा. फ्रान्समध्ये लेखकाच्या परवानगीशिवाय नाटक करता येणार नाही हा कायदा १७९१चा, स्क्रीबच्या जन्मवर्षातला. पण वोदव्हिलवाल्यांना त्यानंतरही बऱ्याचदा एकरकमी पैसे देऊन वाटेला लावलं जाई. स्क्रीबने गल्ल्यावर टक्केवारी मागितली आणि घेतली. १८२९ साली नाटककार आणि संगीतकारांची संस्था रीतसर उभी राहिली, तिच्यात तो पुढे होता. संस्था वाटाघाटी करणार आणि संचालकाने अटी मोडल्या तर सभासद त्याला नवं नाटक देणार नाहीत, हे तिचं बळ. ती आजही काम करते. लेखणीवर श्रीमंत होता येतं हे त्याने दाखवलंच, पण त्याच करारपद्धतीचा फायदा त्याच्याहून कितीतरी कमी चालणाऱ्या लेखकांनाही झाला.

कळसूत्र

तिसरी_घंटा यांनी पाया घातलाच आहे, मी रचनेकडे वळतो. उदाहरण म्हणून 'पाण्याचा पेला' (ल व्हेर दो) घ्या. कॉमेदी-फ्रान्सेझ, १७ नोव्हेंबर १८४०, पाच अंक, गद्य.

स्थळ लंडनचा राजवाडा, राणी अ‍ॅनचा काळ. फ्रान्सशी युद्ध चालू आहे. सरदार मार्लबरोची बायको, म्हणजे डचेस, राणीला मुठीत ठेवून आहे आणि तिला युद्ध चालू हवं आहे. विरोधी पक्षाचा बोलिंगब्रोक तहासाठी धडपडतो आहे, त्यासाठी फ्रान्सच्या वकिलाची राणीशी भेट घडवायची आहे. दुसरीकडे मॅशम नावाचा तरुण अधिकारी. त्याच्यावर सराफाच्या दुकानात काम करणाऱ्या अ‍ॅबिगेलचं प्रेम, राणीचंही मन, आणि डचेसचंही. राणी आणि डचेस यांना एकमेकींचं माहीत नाही.

आता यंत्र कसं चालतं ते बघा. स्क्रीबच्या नाटकात प्रेक्षकाला गुपित सुरुवातीलाच कळतं. रंगमंचावर कोणाला काय कळलंय आणि काय नाही, यावर सगळा ताण उभा राहतो. म्हणून वाचताना एक तक्ता करा. उभ्या रकान्यांत पात्रं, आडव्या ओळींत प्रवेश, आणि प्रत्येक चौकटीत त्या प्रवेशाअखेर त्या पात्राला काय माहीत झालं ते. फ्रेंच छापील प्रतीत पात्र आलं किंवा गेलं की नवा प्रवेश-क्रमांक पडतो, देखावा बदलत नाही. त्यामुळे एका अंकात दहा-बारा क्रमांक दिसले तर घाबरू नका, तुमच्या तक्त्याला ते सोयीचेच आहेत. तक्ता भरल्यावर दिसेल की जवळपास प्रत्येक क्रमांकात एखादी तरी चौकट बदलते. जिथे बदलत नाही असा प्रवेश तो सहसा ठेवतच नाही.

चौथा अंक याचा कळस. बोलिंगब्रोक डचेसशी सौदा करतो: तुम्हाला मॅशमच्या बाबतीत एक प्रतिस्पर्धी आहे, ती ओळखायची खूण सांगतो, बदल्यात फ्रेंच वकिलाला आजच्या दरबाराचं निमंत्रण द्या. खूण अशी की ती स्त्री उकडतंय म्हणेल आणि मॅशमकडे पाण्याचा पेला मागेल. डचेस निमंत्रण देते. दरबार भरतो, पत्त्यांचा डाव मांडला जातो, आणि पेला मागते ती राणी स्वतः. डचेसच्या हातून पाणी राणीच्या पोशाखावर सांडतं, भर दरबारात शब्दाला शब्द लागतो आणि तिचं आसन डळमळतं.

पेल्याबद्दल सगळे बोलतात. मला महत्त्वाचा वाटतो तो सौदा. पेला मागणं ही क्रिया इतकी साधी आहे की दरबारातल्या इतरांना त्यात काहीच दिसणार नाही. सौदा आधी झाल्यामुळे त्याच क्षणाचे तीन अर्थ होतात: राणीसाठी भेटीची खूण, डचेससाठी प्रतिस्पर्ध्याचा शोध, बोलिंगब्रोकसाठी डाव साधल्याची पावती. प्रेक्षकाला तिन्ही अर्थ एकदम कळतात. नुसती वस्तू फिरवून हा परिणाम मिळत नाही.

लिहिण्याचा क्रम उलटा होता. आधी शेवट आणि टक्कर होणारा मोठा प्रवेश. मग ती टक्कर अटळ व्हायला कोणाला काय माहीत असलं पाहिजे ते ठरवायचं. मग ती माहिती कोण, कधी, कोणत्या निमित्ताने देईल. संवाद सगळ्यात शेवटी. लगूव्हेने आठवणींत स्क्रीबच्या या क्रमवारीच्या कौशल्याबद्दल सविस्तर लिहिलं आहे. प्रवेश तेच ठेवून त्यांचा क्रम बदलला की पडेल वाटणारं नाटक उभं राहतं, हे त्याला इतरांच्या आधी दिसायचं. टक्करीच्या प्रवेशाला 'टाळता न येणारा प्रवेश' या अर्थाचं नाव पुढे समीक्षक फ्रान्सिस्क सार्सेने दिलं. प्रेक्षकाच्या मनात ज्याची वाट तयार केली तो प्रवेश पडद्यामागे घडवला तर प्रेक्षक माफ करत नाही, असं त्याचं म्हणणं.

अनुकरण करणाऱ्यांचं बिघडतं कुठे? पहिली चूक, पत्र किंवा पाहुणा ऐन वेळी बाहेरून येतो. स्क्रीबकडे योगायोग असतात, भरपूर असतात, पण बहुतेक पहिल्याच अंकात पेरलेले. या नाटकात तर पहिल्या अंकात बोलिंगब्रोक स्वतःच सांगतो की तो मंत्री झाला तो चांगलं नाचता येत होतं म्हणून, आणि सत्ता गेली ती सर्दी झाली म्हणून. लहान कारण, मोठा परिणाम हा नियम प्रेक्षकाने तिथे स्वीकारला की चौथ्या अंकात पाण्याने सरकार हललेलं त्याला पटतं. दुसरी चूक, सगळ्या पात्रांना सगळं एकाच वेळी कळतं. स्क्रीब माहिती थेंबाथेंबाने सोडतो, आणि नायकाची बाजू एका प्रवेशात वर, पुढच्यात खाली जाते. तिसरी चूक पहिल्या अंकाची घाई. त्याचा पहिला अंक माहितीने गच्च भरलेला आणि थोडा संथ असतो. कात्री लावणारे दिग्दर्शक तिथेच कापतात आणि मग चौथ्या अंकात काही फुटत नाही.

खर्ज

ऑपेराबद्दल मी लिहितो. बाहेरच्या जगावर स्क्रीबचा सर्वांत मोठा ठसा याच कामाचा आहे असं मला वाटतं.

वोदव्हिलने त्याला तयार चालीवर शब्द बसवायचं वळण लावलं होतं, ते इथे थेट कामी आलं. रोसिनीचा 'ल कोंत ओरी' (१८२८) घ्या. त्यातलं बरंच संगीत रोसिनीने आधीच 'इल व्याज्जो आ रेम्स' या इटालियन ऑपेरासाठी केलेलं होतं. स्क्रीब आणि देलेस्त्र-प्वारसों यांनी आपलंच जुनं एकांकी वोदव्हिल वाढवलं आणि त्या सुरावटींवर फ्रेंच शब्द बसवले. मानी कवी हे काम करायला तयार होत नसत. संगीतकाराने अक्षरांची लांबी-ऱ्हस्वता ठरवून पाठवायची आणि लेखकाने त्या मापाचं कडवं लिहायचं, हेही स्क्रीबला चालायचं. म्हणून त्याची पद्यं वाचायला बेतास बात लागतात. ती गाऊन बघितली पाहिजेत.

ग्रँड ऑपेराचा साचा त्याने संगीतकार ओबेरबरोबर 'ला म्युएत द पोर्तिची'त (२९ फेब्रुवारी १८२८, सहलेखक जेर्मँ देलाव्हिन्य) घातला. पाच अंक, सत्तांतराचा किंवा धर्मयुद्धाचा सार्वजनिक संघर्ष, त्यात सापडलेलं एक प्रेम, मध्ये बॅले, आणि प्रत्येक अंकाचा शेवट मोठ्या समूहदृश्यावर. मुख्य भूमिका फेनेला मुकी आहे, ती नर्तिकेने करायची. गायक गातात आणि ती हावभावांतून उत्तर देते, वाद्यवृंद तिच्या वतीने बोलतो. २५ ऑगस्ट १८३० रोजी ब्रसेल्समध्ये याच ऑपेराच्या प्रयोगानंतर उठाव पेटला आणि त्यातून बेल्जियम स्वतंत्र झालं. ठिणगी पडण्याआधी असंतोष बराच साचलेला होता, तेव्हा सगळं श्रेय ऑपेराला देऊ नका.

'रोबेर ल दिआब्ल' (२१ नोव्हेंबर १८३१, संगीत मेयरबेअर) दाखवण्यासारखं आहे ते शिवण दिसते म्हणून. मूळ आराखडा ऑपेरा-कॉमिकसाठी तीन अंकी होता. तो ऑपेरासाठी पाच अंकांचा करताना गद्य गेलं, बॅले आला, आणि रँबो या हलक्याफुलक्या पात्राला जागाच उरली नाही. ते तिसऱ्या अंकानंतर नाहीसं होतं. नाट्यगृहाचा प्रकार बदलला की कथानकाची हाडं कशी हलतात, याचं हे उत्तम उदाहरण.

'ले ह्युगनो' (२९ फेब्रुवारी १८३६, पुन्हा लीप वर्षातला तोच दिवस) मात्र त्याचं सर्वोत्तम काम. विषय १५७२ची सँ बार्तेलेमीची, म्हणजे फ्रान्समधल्या प्रोटेस्टंटांची कत्तल. चौथा अंक बघा. प्रोटेस्टंट राऊल कॅथलिक व्हॅलेंतीनला शेवटचं भेटायला येतो, पावलं ऐकू येतात, तो लपतो. लपलेल्या जागेवरून त्याला कत्तलीचा संपूर्ण कट ऐकू येतो, तलवारींना आशीर्वाद दिले जातात, सगळे निघून जातात. आता त्याने थांबायचं की आपल्या माणसांना सावध करायला जायचं? लपून ऐकणं ही जिम्नाजच्या विनोदी नाटकांतली रोजची युक्ती. तीच इथे हजारो माणसांच्या जिवावर बेतते. कळसूत्र यांचा तक्ता या अंकाला लावून बघाच. श्रेयाची नोंद मात्र अचूक ठेवा: त्यानंतरचं युगुलगीत तेनोर आदोल्फ नूरीच्या आग्रहाने आलं आणि त्याचे शब्द एमील देशांचे आहेत. कटाचं नेतृत्व काथरीन द मेदिसीकडे असणार होतं, सेन्सॉरने राणीला रंगमंचावर येऊ दिलं नाही.

इटालियन मंडळींनी त्याच्याकडून किती घेतलं ते एका दमात सांगतो. त्याच्या १८२७च्या बॅलेवरून बेल्लीनीचा 'ला सोन्नांबुला'. ओबेरसाठी लिहिलेल्या 'ल फिल्त्र'वरून (जून १८३१) एका वर्षाच्या आत दोनिझेत्तीचा 'लेलिझीर दामोरे'. ओबेरच्याच 'गुस्ताव्ह तिसरा'वरून (१८३३) व्हर्दीचा 'उन बाल्लो इन मास्केरा' (रोम, १८५९). राजाचा खून सेन्सॉरला नको म्हणून प्रकरण स्वीडनमधून उचलून बॉस्टनला नेलं, तरी सापळा तोच राहिला. 'ले व्हेप्र सिसिलिएन' (१८५५) तर खुद्द स्क्रीबनेच आपल्या जुन्या संहितेवरून, 'ल द्यूक दाल्ब'वरून, केलं. ती दोनिझेत्तीकडे अर्धवट पडून होती. स्पॅनिश अमलाखालचं नेदरलंड्स काढून फ्रेंच अमलाखालचं सिसिली घातलं. इथे मात्र स्क्रीब कमी पडला. पाचव्या अंकातल्या बदलांच्या मागण्या त्याने पुऱ्या केल्या नाहीत, तालमींना फिरकला नाही, आणि व्हर्दीने ऑपेराच्या संचालकाला कडक शब्दांत तक्रार लिहिली. तक्रार रास्त होती, पाचवा अंक आजही घाईचा वाटतो.

पूर्वरंग

तिघांचे मनापासून आभार, एवढं एका जागी कुठे मिळालं नव्हतं. खर्ज, दोन उपप्रश्न. स्क्रीब-मेयरबेअरचा ऑपेरा 'लाफ्रिकेन' (म्हणजे 'आफ्रिकन स्त्री') हिंदुस्थानात घडतो असं वाचलं, मग नाव आफ्रिकेचं का? आणि त्याने भारतीय विषयावर आणखी काही केलं होतं का?

खर्ज

'लाफ्रिकेन'चा घोळ रचनेतूनच झालाय. करार १८३७चा. त्या वेळी नायिका आफ्रिकन होती आणि कथानकात वास्को द गामा नव्हता. ज्या गायिकेसाठी भूमिका होती त्या कोर्नेली फाल्कोंचा आवाज त्याच वर्षी गेला, मेयरबेअर 'ल प्रोफेत' या दुसऱ्या ऑपेराकडे वळला. १८५०च्या सुमारास स्क्रीबने सगळं नव्याने मांडलं: नायक वास्को द गामा, शेवटचे दोन अंक हिंदुस्थानात, शीर्षकही 'वास्को द गामा'. १८६१ साली स्क्रीब गेला, मे १८६४मध्ये मेयरबेअर गेला. प्रयोग उभा करायची जबाबदारी संगीत-अभ्यासक फेतिसकडे आली आणि त्याने सर्वांच्या तोंडी बसलेलं जुनं नाव परत लावलं. २८ एप्रिल १८६५ला तो रंगमंचावर आला. म्हणून नायिका सेलिका शीर्षकात आफ्रिकन, पण चौथ्या अंकात ब्रह्मा, विष्णू, शिव यांच्या नावाने शपथा आणि ब्रह्माचा मुख्य पुजारी. शेवटी ती ज्या विषारी झाडाखाली मरते ते मँचिनील, म्हणजे कॅरिबियन किनाऱ्यावरचं झाड, हिंदी महासागराच्या आसपासचं नव्हे. मूळ मांडणीच्या जवळ जाणारी आवृत्ती 'वास्को द गामा' याच नावाने २०१३ साली केमनित्समध्ये झाली. गटासाठी चौथ्या अंकाच्या सुरुवातीचं संचलन आणि त्यानंतरचं वास्कोचं 'ओ पारादी' ऐकवा.

दुसरं, 'ल दिय ए ला बायादेर' (ओबेर, १३ ऑक्टोबर १८३०). आधार ग्योथेचं देव आणि देवदासीवरचं कथाकाव्य. ग्योथेकडे भूतलावर येणारा देव महादेव आहे, स्क्रीबने ब्रह्मा केला आणि प्रसंग काश्मीरमध्ये ठेवला. देवाची भूमिका नूरीची, नायिका नर्तिका मारी तालिओनी. ती तिथली भाषा बोलू शकत नाही, म्हणून नाचून बोलते. मुक्या फेनेलाचीच युक्ती दोन वर्षांनी पुन्हा वापरली. भारताची माहिती म्हणून यातलं काही घेऊ नका. ऑपेरा-बॅलेसाठी न गाणारी नायिका कशी बसवायची हा प्रश्न त्याने कसा सोडवला, तेवढ्यासाठी बघा.

विंगेतून

सगळे प्रतिसाद आवडले, पण एक बाजू मांडतो. रचनेचं एवढं कौतुक करताना पात्रांचं काय? फ्रेंच समीक्षक तेओफील गोत्येपासून बर्नार्ड शॉपर्यंत अनेकांनी स्क्रीबच्या पद्धतीवर टीका केली ती उगाच नाही. त्याच्या नाटकात माणसं प्रसंगासाठी असतात. मॅशम काढून दुसरा देखणा तरुण ठेवला तर काही बिघडत नाही. जिम्नाजच्या नाटकांत शेवटी लग्न जमतं आणि मिळकतीची सोय लागते, त्या व्यवहाराला प्रश्न फारसा विचारला जात नाही.

कळसूत्र

मॅशमबद्दल मान्य. बोलिंगब्रोकबद्दल नाही. तो विचार करताना दिसतो, चुकतो, सावरतो, आणि नाटक त्याच्या बुद्धीवर चालतं. 'आद्रिएन लकूव्हर'ही (लगूव्हेबरोबर, १४ एप्रिल १८४९) बघा. नटी आद्रिएन भर बैठकीत रासीनच्या 'फेद्र'मधल्या ओळी म्हणते आणि त्या प्रेमातल्या प्रतिस्पर्धी प्रिन्सेसच्या तोंडावर फेकते. ती नटी आहे म्हणूनच तो प्रवेश शक्य होतो, दुसरी कोणी तिथे ठेवता येणार नाही. भूमिका नटी राशेलसाठी लिहिली होती आणि ते जाणवतं. (दोनच दिवसांनी, १६ एप्रिलला, ऑपेरात 'ल प्रोफेत' उघडलं. एका आठवड्यात एवढे दोन प्रयोग एका लेखकाचे!) तुमचा मुद्दा वोदव्हिलना बऱ्यापैकी लागू पडतो, सरसकट सगळ्यांना नाही.

विंगेतून

आद्रिएनचं उदाहरण पटलं, तेवढा शब्द मागे घेतो. उरलेल्याचं उत्तर इब्सेनने दिलं असं मला वाटतं. बर्गनच्या नाट्यगृहात १८५०च्या दशकात काम करताना स्क्रीबची वीसच्या आसपास नाटकं त्याच्या हाताखालून गेली. त्याने पत्र, गुपित, उशिरा कळणारी माहिती हा सांगाडा ठेवला आणि शेवटी सुटका करण्याऐवजी माणसांना समोरासमोर बसवून बोलायला लावलं. मराठीशी धागा जोडायचा असेल तर तो इथूनच जोडा, थेट स्क्रीबपासून नको. नाट्यमन्वंतर संस्थेने १९३३ साली 'आंधळ्यांची शाळा' केलं ते नॉर्वेच्या ब्यर्नसनच्या नाटकावरून, आणि ब्यर्नसन-इब्सेन दोघंही या फ्रेंच नाटकांवर पोसलेले.

वाचनाचं. इंग्रजीतून वाचणाऱ्यांनी स्टीफन स्टँटनचा १९५७चा संग्रह शोधावा. त्यात 'पाण्याचा पेला' आहे आणि प्रस्तावनेत या रचनेची नीट फोड केली आहे. जुनी इंग्रजी रूपांतरं बघताना जपून. १९व्या शतकातले लंडनचे रूपांतरकार अंक कमी करत, नावं बदलत आणि मूळ लेखकाचं नाव बऱ्याचदा गाळत. तुमचा तक्ता तिथे जुळणार नाही. फ्रेंच येणाऱ्या एखाद्या सभासदाला फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या गॅलिका संकेतस्थळावरून मूळ संहिता उतरवून प्रवेशांचे क्रमांक ताडून बघायला सांगा.

सत्रात करून घेण्यासारखा एक सराव आहे, पुढच्या पिढीतला फ्रेंच नाटककार व्हिक्तोरियँ सार्दू याच पद्धतीने शिकला असं सांगतात. स्क्रीबच्या नाटकाचा फक्त पहिला अंक वाचायचा, पुस्तक मिटायचं, आणि पुढचा आराखडा स्वतः लिहायचा. मग मूळाशी ताडून बघायचं. यासाठी 'पाण्याचा पेला' नको, तो पाच अंकी आणि राजकारणाने भरलेला आहे. तीन अंकी 'बाताय द दाम' (१८५१, लगूव्हेबरोबर) घ्या, पात्रं कमी आहेत. पहिल्या अंकाचं वाचन झालं की सर्वांना विचारा की आत्ता कोणाला काय माहीत नाही. गटाच्या उत्तरांत फरक पडला तर पहिला अंक पुन्हा वाचा, आराखड्याकडे लगेच जाऊ नका.

पूर्वरंग

'बाताय द दाम' पक्कं. दीड तासाच्या सत्रात पहिला अंक मोठ्याने वाचून तक्ता भरायला वेळ पुरेल का?

कळसूत्र

पुरेल, पण तक्त्याच्या रिकाम्या चौकटी आधी छापून न्या, आणि पात्रांची नावं वर लिहिलेली असू द्या. आराखडा लिहायला किमान २५ मिनिटं राखून ठेवा. 'ले ह्युगनो'चा चौथा अंक मग पुढच्या सत्राला घ्या, तो ऐकायलाच बराच वेळ लागतो.